ताईचे दोन तास

मंडळी, नुकतेच आम्ही सगळे बासरला जाऊन आलो. माझ्या भाचीच्या मुलीचा अक्षराभ्यास होता. आम्ही मूळचे नांदेडकडचे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक पिढीने पहिलं अक्षर गोदाकाठच्या या सरस्वतीसमोरच पाटीवर गिरवलंय. आता हैदराबादेत राहूनही ती पद्धत मोडलेली नाही. यंदा पोरीचा हात धरून गिरवायला बसली होती तिची आजी, म्हणजे माझी ताई. ताईने तीस वर्षं शाळेत शिकवलंय.

परतीच्या गाडीत भाचा कानात हेडफोन घालून तेलगीवरची वेब सिरीज बघत होता. मध्येच म्हणाला, "मामा, काय डोकं होतं या माणसाचं! आपल्यासारखाच साध्या घरातला."

साध्या घरातला होता, हे खरं. अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. लहानपणी त्याने रेल्वेत फळं विकली. १९९४ मध्ये त्याने स्टॅम्प पेपर विकण्याचा रीतसर परवाना मिळवला आणि पुढे खोटे स्टॅम्प पेपर छापून विकले. भाच्याला मी एवढंच म्हणालो, "डोकं होतंच रे. पण त्याने विकलं काय, ते बघ. कागद नव्हे, सरकारी शिक्क्यावरचा आपला विश्वास विकला."

आपल्या गोदावरीच्याच काठच्या नाशिकमध्ये सरकारी मुद्रणालय आहे. तिथली जुनी यंत्रं त्याने हस्तगत केली. म्हणजे परवाना खरा, यंत्र खरं, फक्त माल खोटा. गिऱ्हाईकही किरकोळ नव्हतं. बँका आणि विमा कंपन्यांसारख्या मोठ्या संस्था घाऊक खरेदी करायच्या. स्टॅम्प पेपरची टंचाई असायची, लोकांना घाई असायची, आणि घाईत कागद उजेडाकडे धरून कोण बघतो? बाकीच्यांची तोंडं पैशाने बंद केलेली. पुढे या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली. तेलगी २००१ मध्ये अजमेरला पकडला गेला. नंतर त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. २००७ मध्ये तेरा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २०१७ मध्ये कैदेत असतानाच तो बंगळुरूच्या हॉस्पिटलात गेला.

"पण मामा, काही जण सुधारतात ना," भाचा म्हणाला. "तो अमेरिकेचा फ्रँक ॲबॅग्नेल बघा. वैमानिक बनला, डॉक्टर बनला, खोटे चेक वटवले, आणि मग सरकारलाच फसवणूक कशी ओळखायची ते शिकवू लागला. त्याच्यावर सिनेमा आहे."

सिनेमा मीही पाहिलाय, २००२ चा. फार गोड गोष्ट आहे. पण पुढे ॲलन लोगन नावाच्या लेखकाने जुन्या नोंदी काढून तपासल्या आणि २०२० मध्ये पुस्तक लिहिलं. ज्या वर्षांत आपण विमानातून फिरत होतो असं ॲबॅग्नेल सांगायचा, त्यातली बरीचशी वर्षं तो न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगात होता. १९६९ मध्ये ज्या कुटुंबाने त्याला जीव लावला, त्यांचेच चेक चोरल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. आता त्याने बँकांना दिलेले सल्ले उपयोगी नाहीत असं नाही. पण "मी सुधारलो" हाही एक शिक्काच आहे. तोही उजेडाकडे धरून बघावा लागतो. ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई केली का, आणि जे घडलं ते खरं खरं सांगितलं का, यावर सुधारणा मोजायची. व्याख्यानाला टाळ्या किती पडल्या, यावर नाही.

इतका वेळ ताई खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "मागच्या महिन्यात मी दोन तास अटकेत होते."

आम्ही गप्पच झालो. तिला व्हिडिओ कॉल आला होता. समोर खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, फोन ठेवायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, पैसे तपासणीसाठी आमच्या खात्यात भरा. ताई फोन चालू ठेवूनच बँकेत गेली, निवृत्तीची ठेव मोडायला. काउंटरवरच्या मुलीने तिचा चेहरा बघून विचारलं, "मावशी, एवढी घाई कशाची?" त्या एका प्रश्नाने ठेव वाचली.

"आई, मला का नाही सांगितलंस?" भाच्याचा आवाज बदलला होता.

"लाज वाटली रे. तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, आणि मलाच माणूस वाचता आला नाही."

मंडळी, यात लाजण्यासारखं काही नाही. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल म्हणजे पद्मभूषण मिळालेले उद्योगपती. २०२४ मध्ये ठगांनी त्यांच्यापुढे चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली आणि सात कोटी रुपये काढून घेतले. तेलगीच्या वेळी कागद होता, आता पडदा आहे. पद्धत तीच: शिक्का दाखवा, घाई करा, तोंड बंद ठेवायला लावा.

म्हणून तरुण मंडळींना एक विनंती. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हेही सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फसलेल्या माणसाला "तुला एवढंही कळलं नाही?" असं कधी म्हणू नका. त्या एका वाक्याच्या भीतीनेच माणसं गप्प बसतात, आणि ठगाला नेमकं तेच हवं असतं.

सिकंदराबादला उतरताना भाच्याने ताईची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाला, "आई, यापुढे असा फोन आला की आधी मला लाव. मी कॉलेजात असलो तरी."

ती सिरीज त्याने पुरी केली की नाही, मी विचारलं नाही.