एका दांड्यावर चार डायनामो?

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनातली आठवीच्या मुलांची पवनचक्की सर्वांना आवडली. एका दांड्यावर सायकलचे चार डायनामो आणि चार लुकलुकणारे दिवे! आता तशीच मोठी चक्की शाळेच्या गच्चीवर बसवावी, असे विश्वस्त मंडळाच्या मनात आहे. कल्पना उत्तम आहे. मात्र चार डायनामोंना माझा विरोध आहे.

विद्यार्थी मित्रांनो, डायनामो शक्ती तयार करीत नाही. दांड्याच्या फिरण्यातली शक्ती तो विजेत बदलतो. पात्यांकडून दांड्याला पाच वॅट मिळत असतील, तर डायनामो एक लावा की चार, पाचाहून जास्त हाती येणार नाही. उलट थोडे कमीच येईल. प्रत्येक डायनामोचे घर्षण आणि त्याच्या लोखंडी गाभ्याचे तापणे आपला वाटा आधीच काढून घेते. सायकलचा डायनामो 6 व्होल्ट, 3 वॅटचा. चारांचे 12 वॅट होतात ते कागदावर! दिवे मंद का होते, हे त्यातच आले. (वारा टेबलफॅनचा होता, ते सोडून देऊ.)

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती एक अष्टमांश उरते. म्हणून मंद वाऱ्यात ही गळती फार जाणवते. "तेव्हा तीन डायनामो बंद ठेवू," असे एक पालक म्हणाले. पण तार काढली तरी दांडा त्यांना फिरवतच राहतो. त्यांना सोडवायला क्लच हवा. म्हणजे आणखी खर्च आणि आणखी एक बिघडणारी वस्तू.

तरी त्या पालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. 1980 च्या दशकातल्या काही डॅनिश पवनचक्क्यांत मंद वाऱ्यासाठी लहान आणि जोराच्या वाऱ्यासाठी मोठे, अशी दोन जनित्रे असत. अमेरिकेतल्या क्लिपर कंपनीने तर 2.5 मेगावॅटच्या चक्कीत एका गिअरबॉक्सला चार जनित्रे जोडली होती. एक बिघडले तरी बाकीची चालावीत आणि उंचावर दुरुस्ती सोपी व्हावी, म्हणून. आपली गच्ची मात्र जिना चढून गाठता येते! शिवाय एकाच दांड्यावर एखाद्या डायनामोचे बेअरिंग अडकले, तर चारही थांबतील.

तेव्हा विश्वस्तांनी आधी गच्चीवरचा वारा वर्षभर मोजून घ्यावा आणि त्याला साजेसे एकच जनित्र घ्यावे. आणि आठवीच्या मुलांनी त्याच टेबलफॅनसमोर एक, दोन आणि चार डायनामो लावून, मल्टिमीटरचे आकडे पुढच्या पालकसभेआधी फलकावर लिहावेत. माझे चुकत असेल तर ते तिथेच दिसेल.