फितीची लिपी

१९८८ सालीं अमेरिकेंतील आमच्या वडील बंधूंनीं आपल्या मुलाच्या बारशाची व्हीएचएस फीत पुण्यास पाठविली. आईनें आळींतल्या बायकांना हौसेनें बोलाविलें. पण शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर चित्र नुसतें फाटूं व सरकूं लागलें, माणूस एकहि दिसेना. फीत खराब समजून कपाटांत ठेविली. नातवाचें बारसें न पाहतांच आई गेली.

दोष फितीचा नव्हता. ग्रंथ लिपींतील संस्कृत पोथी केवळ देवनागरी जाणणाऱ्याच्या हातीं पडावी, तसाच तो प्रकार. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतींत चित्राच्या रेषा ५२५ व सेकंदास चित्रें सुमारें ३०. आपल्या पाल पद्धतींत रेषा ६२५ व चित्रें २५. पेटी तीच, लेखन निराळें.

अशी फीत ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर शोधावा. मात्र ज्यावर ‘एनटीएससी ऑन पाल टीव्ही’ एवढेंच लिहिलेलें असतें, तो रंगाचें तेवढें रूपांतर करतो. रेषा ५२५ च राहतात. टीव्ही तें चित्र दाखवील, पण संगणकांत उतरवून घेणारें उपकरण अनेकदां गोंधळतें. म्हणून फीत शुद्ध एनटीएससींतच वाजवावी व उपकरणासहि तीच पद्धत सांगावी. अमेरिकेंतून आणलेला व्हीसीआर बहुधा १२० व्होल्टचा असतो, हेंहि विसरूं नये.

व्हीसीआर करणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैंत तें काम थांबविलें. आतां जुन्या यंत्रांवरच भिस्त. फितीवरील चुंबकीय लेपहि काळानें बिघडतो. आमची फीत गेल्या वर्षीं वाचतां आली. तिच्यांत बंधू विचारतात, “आई, ऐकूं येतें ना?” वाचकांनीं आपलें कपाट आजच उघडावें.