गृहभेटी ही उधळपट्टी नव्हे



नवजात अर्भकांच्या घरी आरोग्यसेविकेने वारंवार जाणे हा सरकारी खजिन्याचा अपव्यय असून तोच पैसा इस्पितळांच्या इमारतींवर खर्चावा, असे जे प्रतिपादन आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी केले आहे, ते शेजारच्या गडचिरोलीचा अनुभव दृष्टीआड करणारे आहे. तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघर नवजात-सेवा दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, आणि खर्च आला दर अर्भकामागे ५.३ डॉलर.

त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती दवाखान्यातील बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा भेटी देते. मोबदला अडीचशे रुपये. यास उधळपट्टी म्हणावयास धारिष्ट्यच हवे! ती बाळास झोळीत घालून काट्याला टांगते, पूर्ण मिनिटभर श्वास मोजते आणि ते साठ वा अधिक भरले की घरच्यांना दवाखान्याची वाट धरावयास लावते. ऐन रोवणीत, घरची सारी माणसे बांधीत असताना, कोवळ्या बाळंतिणीने आपण होऊन उपकेंद्र गाठावे, ही अपेक्षा शहरी आहे.

काही भेटी केवळ कागदोपत्री होतात, हा पत्रलेखकांचा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर इलाज भेटी बंद करणे नसून, अंमलदारांनी प्रत्यक्ष घरी जाऊन तपासणी करावी व आशांचा मोबदला दरमहा विनाविलंब अदा करावा, हा आहे.

आपला,
एक वाचक
प्रतापगड, जि. गोंदिया