घरगुती म्हणजे निर्धोक?

'घरचेच आहे, त्याने काय अपाय होणार?' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मुरुमावर लिंबू चोळा, काळ्या डागावर खाण्याचा सोडा लावा, असे उपाय वसतिगृहाच्या खोल्यांतून आवर्जून सांगितले जातात.

परंतु वस्तू स्वयंपाकघरातील की औषधाच्या दुकानातील, हे त्वचेला कळत नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू ५ च्या आसपास, तर लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ असतो. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. या हिशेबाने लिंबाचा रस त्वचेहून सुमारे हजारपट आम्ल ठरतो. सोडा नेमका उलट, अल्कधर्मी; तो वारंवार चोळल्याने त्वचेचे संरक्षक कवच दुबळे होते. शिवाय लिंबाच्या सालीत व रसात फ्युरोकूमारिन नावाची द्रव्ये असतात. ती अंगावर असताना ऊन लागले, तर एकदोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहणारे काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने जात नाहीत. उजळण्यासाठी केलेल्या उपायानेच काळवंडावे, यापरता दैवदुर्विलास कोणता?

यावर कोणी विचारील, 'मग आजीचे उटणेही टाकून द्यायचे काय?' मुळीच नाही. मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, चंदन यांची ती कोरडी पूड. लागेल तेवढीच भिजवायची, अंगाला लावायची आणि स्नानाबरोबर धुऊन टाकायची. त्या रीतीत मर्यादेचे शहाणपण आहे.

गोऱ्या सुनेची हौस मात्र आजीच्या काळीही होती, हे मान्य केले पाहिजे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरचा शब्द बदलला. आपल्या मनातला बदलला काय? सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकवणाऱ्या समाजाने सावळ्या मुलीला लिंबू चोळायला सांगावे, ही विसंगती आपल्याला खटकली पाहिजे.

तेव्हा नवे काही लावायचेच असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. आग होताच धुऊन टाकावे. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे. आणि लिंबू? ते पोह्यांवर पिळावे. तिथेच ते गुणकारी आहे.