बुद्धिवाद्याची रसिकता

आमच्या मालगुंडास पाहुणे आले कीं गणपतिपुळ्याचें देवदर्शन आटोपल्यावर आम्ही त्यांना कवि केशवसुतांचें स्मारक दाखवावयास नेतों. १९९४ सालीं तें झाल्यापासूनचा हा आमचा परिपाठ आहे. परवां आमचा भाचा सहकुटुंब आला असतां असेंच झालें. परत येऊन ओटीवर बसलों, तेव्हां ज्यांच्या विचारांचा केशवसुतांवर एवढा ठसा उमटला त्या आगरकरांवर बोलणें आलें. भाचा म्हणाला, "मामा, आगरकर मोठे खरे, पण प्रत्येक गोष्टीला 'कां?' म्हणून विचारणाऱ्या माणसाला काव्याची किंवा चित्राची गोडी कसली असणार? तर्क आला कीं रस आटलाच." हा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळतो, म्हणून आज त्याचाच थोडा विचार करूं.

१८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामीच्या खटल्यांत टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांत आगरकरांनीं हातीं घेतलें तें तर्कशास्त्र नव्हे, तर शेक्सपियरचें 'हॅम्लेट'. त्यांचें भाषांतर १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें प्रसिद्ध झालें. नांवच पाहावें! आयुष्यभर विचाराचा कैवार घेणाऱ्या पुरुषानें विकारांचा खेळ निवडला. आणि नाटकहि असें कीं, ज्यांत राजपुत्राचा विचारच त्याच्या कृतीच्या आड येतो. त्यांत समाजसुधारणेचा पाठ शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. पुढें 'कवि, काव्य, काव्यरति' हा निबंधहि त्यांनीं लिहिला. रस आटलेल्या माणसाचीं हीं लक्षणें नव्हेत.

याच वळणाचा एक पुरुष फ्रान्सांत त्यांच्यापूर्वीं शंभर-सव्वाशें वर्षें होऊन गेला. देनी दिदेरो (१७१३-१७८४) हा तिकडील प्रसिद्ध ज्ञानकोशाचा संपादक व कट्टा बुद्धिवादी. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यांत दर दोन वर्षांनीं चित्रांचें प्रदर्शन भरत असे. १७५९ पासून १७८१ पर्यंत दिदेरोनें त्या प्रदर्शनांवर नऊ वेळां लिहिलें. तें लिखाण ग्रिम नांवाच्या मित्राच्या हस्तलिखित पत्रांतून परदेशच्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे जाई. त्यांना चित्रें पाहावयास मिळत नसत; म्हणून शब्दांनींच तीं त्यांच्या डोळ्यांपुढें उभीं करावीं लागत. चित्रपरीक्षणाच्या कलेनें बाळसें धरलें तें येथें.

चित्रानें मनुष्याला सद्वर्तनी करावें, असें दिदेरोचें मत होतें. म्हणून लेकीच्या लग्नांत जांवयाच्या हातीं हुंडा देणाऱ्या ग्रामीण बापाचें ग्रेझनें काढलेलें चित्र १७६१ सालीं त्यानें वाखाणलें, आणि बूशेच्या नुसत्या नखरेल हातोटीवर तो तुटून पडला. येथवर सारें मताप्रमाणें झालें. परंतु १७६३ च्या लेखांत तो शार्दँच्या चित्रांपाशीं थबकला. एका चित्रांत ऑलिव्ह फळांची बरणी, दुसऱ्यांत पोट फाडून टांगलेलें पाकट! त्यांत ना कथा, ना बोध. आमच्या किनाऱ्यावर पाकट दिसलें तर आम्ही नाकाला उपरणें लावून पुढें जातों. दिदेरोलाहि ती वस्तु किळसवाणीच वाटली. तसें त्यानें लिहिलेंहि. तरी त्या चित्राची स्तुति करतांना त्याचें मन भरेना. आपलें मत त्यानें क्षणभर बाजूस ठेविलें आणि डोळ्यांवर विश्वास टाकला.

आपल्या शास्त्रकारांना यांत नवल वाटलें नसतें. भरतानें बीभत्सालाहि आठ रसांत मानाचें पान दिलें आहे. मम्मटानें काव्याच्या प्रयोजनांत कांतासंमित उपदेश गणला खरा. पण सर्व प्रयोजनांचा मुकुटमणि ठरविला तो तत्काळ होणारा परमानंदच.

हा मम्मट आम्हांस पाठ होता. तरीहि आमच्या हातून एक चूक घडली, ती येथें सांगतों. केशवसुतांच्या 'सतारीचे बोल' या कवितेंत दुःखानें त्रासलेला मनुष्य रात्रीं भटकत असतां सतार ऐकतो; प्रथम चिडतो, मग हळूहळू शांत होतो. या कवितेचें तात्पर्य आम्हीं परीक्षेंत विचारलें. एका मुलानें लिहिलें कीं, तात्पर्य मला सांपडलें नाहीं. पण आजी गेली ती रात्र आठवली आणि बरें वाटलें. आम्हीं त्याला शून्य दिलें. त्यानंतर कवितेच्या तासाला तो मुलगा आपण होऊन कधीं बोलला नाहीं. रस आटविला तो तर्कानें नव्हे, तात्पर्याच्या आमच्या घाईनें.

शार्दँनें दिदेरोला विनविलें होतें कीं, चित्रकारांशीं जरा सौम्यपणानें वागा. सात-आठ वर्षांच्या वयापासून हातांत पेन्सिल धरून किती खस्ता खाव्या लागतात, तें लोकांना ठाऊक नसतें. दिदेरोनें ती विनंति आपल्या १७६५ च्या लेखाच्या आरंभींच नमूद केली. आम्हांला ती फार उशिरां वाचावयास मिळाली, आणि त्या मुलाचे गुण आतां वाढवितां येत नाहींत. वाचकांच्या घरीं मात्र एखादें मूल कागदावर कांहीं रेखाटून वडीलधाऱ्यांपुढें आणील, तेव्हां "याचा अर्थ काय?" हा प्रश्न थोडा मागें ठेवावा. चष्मा पुसून आधीं चित्र नीट पाहावें, एवढीच आमची विनंति.