फैजपूरचा ठराव आणि विखरणचे आंबे

खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून फैजपूरचे नाव इतिहासात राहिले. डिसेंबर १९३६ च्या अखेरीस तेथील टिळकनगरात पं. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली जो कृषिविषयक कार्यक्रम संमत झाला, त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते. सारा व खंड कमी करावा, कर्जाचा भार हलका करावा, या मागण्या त्यात होत्याच. परंतु कुळाला जमिनीवर स्थिर व वंशपरंपरागत हक्क मिळावा, तीत घर बांधण्याचा व झाडे लावण्याचा अधिकार असावा, असेही त्यात म्हटले होते. झाड लावणारा शेतकरी पुढच्या पिढीचा हिशेब करीत असतो. जमीन उद्या कोणी काढून घेणार नाही, अशी खात्री असल्याखेरीज कोण आंबा लावील?

स्वराज्य आले, कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे उचितच झाले. पण परक्या सरकारने १८९४ साली केलेला भूसंपादन कायदा स्वकीय सरकारांनी किरकोळ डागडुजी करून २०१३ पर्यंत चालविला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आणून जमीनविषयक कायद्यांना न्यायालयाची दारे बंद केली. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने रद्द झाला, आणि तो रद्द करणारे सरकार आणीबाणीविरुद्ध लढून आलेले जनता सरकार होते, हेही विसरता कामा नये. उरले ते ३०० अ कलम : कायद्याच्या आधाराखेरीज कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. कायदा मात्र सरकारच करणार!

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. विश्वजित यज्ञात राजाने सर्वस्व दान करावयाचे असते; मग त्याने राज्यातील भूमीही दान करावी काय? जैमिनींच्या मीमांसेचे उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांची आहे. राजाला रक्षणाबद्दल उत्पन्नाचा भाग मिळतो, एवढाच त्याचा अधिकार. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूखा’त हेच पुन्हा सांगितले. जिंकलेल्या प्रदेशातही राजाला कर घेण्याचा हक्क प्राप्त होतो. शेताचा स्वामी शेतकरीच राहतो.

त्याच खानदेशात, धुळे जिल्ह्यातील विखरण येथे औष्णिक वीजप्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला सुमारे पाच एकरांबद्दल चार लाखांच्या आसपास मोबदला मिळाला. शेतातील आंब्याची झाडे हिशेबात धरलीच नाहीत, अशी त्याची तक्रार होती. संपादन एका पक्षाच्या राजवटीत झाले. त्याचे हेलपाटे दुसऱ्या पक्षाच्या राजवटीतही संपले नाहीत. २२ जानेवारी २०१८ रोजी त्याने मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी प्राण सोडला. फेरमूल्यांकनाची चक्रे त्यानंतर फिरली. ती आधी फिरविण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी होती?

वीज हवी, रस्ते हवेत, धरणेही हवीत. त्यासाठी जमीन घेण्याचा अधिकार शासनाला असलाच पाहिजे. परंतु रक्षकाने मालकाच्या थाटात वागू नये. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ग्रामीण भागात वाढीव मोबदला आणला; झाडांच्या मूल्यांकनासाठी जाणकारांची मदत घेण्याचीही तरतूद केली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. तो खटला मुंबईच्या घरमालकांनी तीन दशकांहून अधिक काळ चालविला. खेड्यातील म्हाताऱ्याला तेवढा अवधी नसतो. त्याचे भवितव्य मोजणीदाराच्या पंचनाम्यात आंब्याची झाडे किती लिहिली, यावर ठरते.