यात्रेकरूची पिशवी

एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या सासूबाई यंदां प्रथमच पायीं वारीस निघावयाच्या आहेत. वय ६४, मधुमेह आहे, परंतु प्रकृति काटक. दिंडींत नांव घातलें, भिशी भरली. आतां घरांत वाद उरला आहे तो पिशवीचा. थोरल्या चिरंजीवांनीं नाशिकहून ६० लिटरांची, गिर्यारोहक वापरतात तशी मोठी सॅक आणिली. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, आजेसासूबाईंच्या वेळची पडशी माळ्यावर आहे. ती धुऊन घेतली म्हणजे झालें. "दोघांपैकीं कोणाचें खरें, तें आपण सांगावें," असें ह्या भगिनी लिहितात.

प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा दिसतो. पण यात्रा शेवटास जाणार कीं वाटेंत गुडघे धरून परतावें लागणार, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून त्यास थोडा सविस्तर विचार देणें आम्हांस योग्य वाटतें. आमचें मत प्रथमच सांगून टाकितों: पिशवी सर्वांच्या शेवटीं घ्यावी. आधीं काय न्यावयाचें तें ठरवावें, मग त्याचें वजन करावें, आणि तेवढेंच मावेल अशी पिशवी शोधावी. पिशवी आधीं आली कीं ती रिकामी राहत नाहीं. मोठ्या घरांत तर मुळींच नाहीं.

आमच्या भागांतील वारी कशी असते तें बाहेरगांवच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून निघते. नाशिक करून ती सिन्नर तालुक्यांत येते. दातली येथें रिंगण होतें. पुढें राहुरी, अहिल्यानगर, मिरजगांव व करमाळा तालुका ह्या वाटेनें ती आषाढी एकादशीपूर्वीं पंढरपुरास पोंचते. वाट ४०० किलोमीटरांहून अधिक, आणि दिवस सुमारें २७. आरंभीं ज्येष्ठाचें ऊन, मध्यें केव्हां तरी पाऊस, आणि रात्रीं तंबूंत अगर एखाद्या शाळेच्या ओसरीवर मुक्काम.

आतां थोडें गणित करूं. एक पाऊल दोन फुटांचें धरिलें, तर ४०० किलोमीटरांत साडेसहा लाख पावलें होतात. पिशवींत एक किलो अधिक घातला, तर तो किलो साडेसहा लाख वेळां गुडघ्यांवरून आणि तळपायांवरून जावयाचा. घरीं ओट्यावर हातांत घेऊन पाहिलेला डबा "कांहीं जड नाहीं" असा वाटतो, तो ह्याच कारणानें फसवा असतो. तेथें आपण तो एकदांच उचलतों.

एकत्र कुटुंबांत पिशवी जड कशी होते, तें सर्वांच्या परिचयाचें आहे. जाऊबाई लाडवांचा डबा देतात, कारण वाटेंत भूक लागेल. सूनबाई शाल घालतात, कारण रात्रीं गारवा असेल. नातू मोबाइलसाठीं विजेचा साठा करणारी पेटी देतो, शेजारच्या काकू देवासाठीं नारळ आणि ओटीचें सामान देतात, आणि धाकटी नात आपली रंगीत छत्री आणून ठेवते. ह्यांपैकीं एकही वस्तु वाईट नाहीं व एकाही देणाऱ्याचा हेतु वाईट नाहीं. परंतु जिला हें सारें वाहावयाचें आहे ती भिडेस्तव कोणास नाहीं म्हणूं शकत नाहीं. जन्मभर तिनें घराचा शब्द मोडलेला नसतो. नातीची छत्री ती परत कशी करणार? ती हंसत सारें घेते, आणि तिसऱ्या मुक्कामास खांदे सुजतात. म्हणून वजन कमी करण्याचें काम तिच्यावर टाकूं नये. तें घरानें आपण होऊन करावें.

किती वजन चालेल ह्यास एक सोपें प्रमाण आहे. केंद्र सरकारनें २०२० सालीं शाळकरी दप्तरांविषयीं जें धोरण जाहीर केलें, त्यांत मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून दप्तर जड नसावें, असें सांगितलें आहे. धडधाकट तरुण गिर्यारोहक ह्याच्या दुप्पट भारही नेतात. परंतु साठी उलटलेल्या, प्रथमच निघालेल्या मनुष्यास मुलांचें प्रमाण लावणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. ज्यांचें वजन ६० किलो आहे, त्यांनीं ६ किलोंवर जाऊं नये. ५ किलोंत भागलें तर फारच उत्तम.

आणि तें भागतें. रिकामी पिशवी ८०० ग्रॅम. एक लिटर पाणी, म्हणजे १ किलो. बदलावयाचें एक लुगडें व इतर कपडे मिळून १२०० ग्रॅम. पंचा २०० ग्रॅम. पावसासाठीं अंगावर घ्यावयाचें प्लास्टिकचें कापड ३०० ग्रॅम. औषधें व कागद ४०० ग्रॅम. दिवसाचें खाणें ५०० ग्रॅम. मोबाइल व त्याची तार ३०० ग्रॅम. हरिपाठाची लहान पोथी १०० ग्रॅम. सुईदोरा, साबण, विजेरी वगैरे किरकोळ २०० ग्रॅम. बेरीज बरोबर ५ किलो होते. अंथरूण, दुसरें लुगडें, ताटवाटी हें सारें दिंडीच्या ट्रकमध्यें जातें. तें पाठीवर नेण्याचें कारण नाहीं. लाडवांचा मोठा डबाही नको. वाटेवरील गांवें दिंड्यांस जेवूं घालतात, आणि तें अन्न ज्याचें त्यानें प्रेमानें दिलेलें असतें.

ट्रकमध्यें काय आणि पाठीवर काय, हा विवेक मात्र नीट केला पाहिजे. येथें चूक झाली तर ती केवळ खांदेदुखीवर थांबत नाहीं. ट्रक निराळ्या रस्त्यानें पुढें जातो आणि संध्याकाळीं मुक्कामावरच भेटतो. गर्दींत त्यास उशीर झाला तर रात्रही होते. म्हणून ज्या वस्तूवांचून एक दिवस निभणार नाहीं, ती अंगावरच हवी. मधुमेह असणारांनीं तर औषधांचे दोन भाग करावे. एक पिशवींत व एक ट्रकमधील गांठोड्यांत. दिवसभर चालण्यानें रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते; घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. अशा वेळीं पिशवी उतरवून तळ गाठण्यास अवकाश नसतो. साखरेच्या चार पुड्या पुढच्या कप्प्यांत, हात घातल्याबरोबर सांपडतील अशा असाव्या. इन्शुलिन घेणारांनीं तें उन्हांत तापणाऱ्या ट्रकमध्यें ठेवूं नये. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यांतही नव्हे, तर आंत मध्यभागीं, कपड्यांच्या घडींत ठेवावें. चालण्याच्या दिवसांत औषधाची मात्रा किती, आणि एकादशीचा उपास करावा कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारून घ्यावें. एका कागदावर आपलें नांव, दिंडीचा क्रमांक, घरचा दूरध्वनि व औषधांचीं नांवें लिहून तो कागद प्लास्टिकच्या पाकिटांत घालावा.

आतां पडशीविषयीं. जुन्या वस्तूस हंसूं नये. पडशीस दोन कप्पे, एक पुढें व एक मागें. भार दोहोंकडे सारखा पडतो, त्यामुळें अंग एका बाजूस झुकत नाहीं. एका खांद्यावर लोंबणाऱ्या शबनम पिशवीहून ती ह्या बाबतींत पुष्कळ बरी. शिवाय ती लहान. तींत घर मावत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु तिचा सारा भार खांद्यावरच राहतो, कापड पातळ असल्यानें तो रुततो, तोंड उघडें असल्यानें पाऊस आंत जातो, आणि पुढचा कप्पा हालत राहून पायांखालची वाट झांकतो. पूर्वींच्या यात्रेकरूंस ओझ्याची संवय होती. १९८६ सालीं 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकांत पूर्व आफ्रिकेंतील लुओ व किकुयू स्त्रियांविषयीं एक निबंध प्रसिद्ध झाला. ह्या स्त्रिया डोक्यावर अगर कपाळास पट्टा लावून आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाएवढा भार जवळजवळ जादा श्रमावांचून नेतात, असें त्यांत दिसून आलें. पण तें लहानपणापासूनच्या संवयीचें फळ होय. ज्यांनीं पंचवीस वर्षांत विहिरीवरून घागर आणिलेली नाहीं, त्यांनीं आजेसासूबाईंच्या खांद्यांशीं बरोबरी करूं नये.

पाठीवरच्या सॅकचा खरा लाभ तिच्या आकारांत नसून तिच्या पट्ट्यांत आहे. १९५२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं डिक केल्टी ह्या गृहस्थांनीं ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या विकावयास आरंभ केला. खांद्यावरचा भार कमरेच्या हाडांवर उतरविणारा पट्टा पुढें सर्वत्र पसरला, त्यांत ह्या पिशव्यांचा मोठा वांटा आहे. कमरेचें हाड मोठें व मजबूत. तें भार घेतें, आणि खांदे व मान मोकळीं राहतात. म्हणून पिशवी घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. आकार २० ते २५ लिटर, त्याहून अधिक नको. ६० लिटरांची पिशवी रिकामीच दीड-दोन किलो भरते. खांद्याचे पट्टे तीन बोटें रुंद व आंत मऊ भरलेले असावे. छातीवर एक बारीक पट्टा असावा, म्हणजे खांद्यावरचे पट्टे घसरत नाहींत. कमरेचा पट्टा पोटावर न येतां दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. शिवण ओढून पाहावी, चेन दहा वेळां उघडून मिटावी.

स्त्रियांच्या बाबतींत एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीं. ह्या पिशव्या विजार घालणारांच्या बेतानें केलेल्या असतात. लुगड्याच्या निऱ्या जेथें खोंचतात, नेमकें तेथेंच कमरपट्ट्याचें बकल येतें. तें दिवसभर पोटांत रुततें, नाहीं तर निऱ्या सुटतात. ह्यास्तव पिशवी घेण्यास जिला ती न्यावयाची आहे तिलाच घेऊन जावें, व जें लुगडें नेसून ती चालणार तेंच नेसून जावें. दुकानांत पिशवींत पांच किलोंचें सामान भरून दहा मिनिटें फिरून पाहावें. मुलानें आपल्या पाठीवर लावून आईसाठीं पिशवी पसंत करणें, हें आपल्या पायांत घालून तिचा जोडा घेण्यासारखें आहे.

पावसासाठीं बाहेरच्या आवरणावर विसंबूं नये. आंत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी व सारें सामान तींत भरावें. जड वस्तु पाठीस लागून, पाठीच्या मध्यावर ठेवाव्या. तळाशीं ठेविल्या तर पिशवी मागें ओढते. रंग भडक असावा, आणि मागें चकाकणारी पट्टी शिवून घ्यावी. आमच्या गांवावरून मुंबईचे साईभक्त रामनवमीच्या सुमारास शिर्डीस पायीं जातात. सिन्नर ते शिर्डी सुमारें ६० किलोमीटर. पहांटेच्या अंधारांत मोटारींच्या वाटेनें चालणारास ती पट्टी उपयोगी पडते. वारकऱ्यासही ती तितकीच हितकर.

पिशवी आली म्हणजे तिची परीक्षा घ्यावी. घरच्या वजनकांट्यावर प्रथम तसेंच उभें राहावें, मग पिशवी घेऊन उभें राहावें, व वजाबाकी करावी. त्यानंतर निघण्यापूर्वीं निदान आठ दिवस रोज सकाळीं दोन तास ती भरलेली पिशवी घेऊन चालावें. प्रत्येक दिवशीं घरीं आल्यावर जी वस्तु लागली नाहीं ती बाहेर काढावी. औषधें, पाणी व पावसाचें कापड एवढीं मात्र न लागलीं तरी राहूं द्यावीं.

संस्कृतांत ओझ्यास 'भार' म्हणतात व पोषणास 'भरण'. दोन्ही शब्द 'भृ' ह्या एकाच धातूपासून झाले आहेत. वाटेंत जें आपणास पोसतें तेंच वाहावें, एवढा बोध त्यांतून घेतला तरी पुरे. चिरंजीवांनीं मोठी सॅक परत करून लहान आणावी. सासूबाईंनीं पडशी ट्रकमधील गांठोड्यांत खुशाल न्यावी. मुक्कामावर देवळांत जातांना ती हलकी व सोयीची आहे. लाडू, शाल व छत्री ह्यांचें प्रेम घरच्यांनीं वेशीपर्यंत सोबत चालून दाखवावें. आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं पिशवी एकदां बांधून झाली, म्हणजे तिला यात्रेकरूखेरीज दुसऱ्या कोणीं हात लावूं नये.